कुंची आणि तापीचं पाणी

हातात नारळ घेऊन मी तापीच्या काठावर उभा होतो. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ, आणि नदी मात्र या थडीपासून त्या थडीपर्यंत गढूळ पाण्यानं भरून चाललेली. आदल्याच दिवशी नाववाल्याबरोबर सासऱ्यांना निरोप धाडला होता, ‘पाऊस उघडला आहे. उद्या दुपारी बाळ-बाळंतिणीला घेऊन नावेच्या उतारावर या, मी घ्यायला येतो.’ पाऊस उघडला होता हे खरंच होतं. फक्त तो आमच्या गावात उघडला होता.

माझं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या गावच्या नदीचा स्वभाव तापट माणसासारखा. डोंगरात सकाळी पाऊस झाला की दुपारी बैल ओढून नेईल असा पूर, आणि दिवस मावळायच्या आत त्याच जागी बायका गुडघाभर पाण्यात धुणं आपटताना दिसायच्या. अशा नदीवर वाढलेल्या माणसाला वाटतं, नदी म्हणजे पावसाची शेपटी. तो गेला की तीही गेली. तोच न्याय मी तापीला लावला. बरं, मी अडाणी असतो तर गोष्ट वेगळी. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि ‘तापी मुलताईला उगम पावते’ हे पोरांकडून घसा फुटेस्तोवर म्हणवून घेत होतो. मुलताईलाही पाऊस पडत असेल, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

घाई मला होती त्याहून जास्त आईला होती. पोरगा आषाढात, पलीकडे धरणगावच्या बाजूला, माझ्या सासरी झाला. बारशाला तापी भरलेली, आणि आई एरवीही नावेत पाय ठेवायला तयार नसायची. मी मधल्या उघडिपीत एकदा जाऊन बघून आलो, पण तिनं नातू पाहिला नव्हता. तिनं तिच्या लग्नातल्या शालूचा काठ लावून त्याच्यासाठी कुंची शिवली होती. ती कुणाबरोबर पाठवायला ती राजी नव्हती. उंबरठ्यावर आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर घालायची, एवढाच तिचा हट्ट. कुंची बारा दिवसांच्या बाळाच्या बेतानं शिवलेली. आणि चार-पाच दिवसांत पितृपंधरवडा लागणार. त्यात लेकुरवाळी सून आमच्याकडे घरात आणत नाहीत. म्हणजे आता नाही तर थेट दसऱ्याला.

नाव दोरानं झाडाला बांधून नाववाला विडी ओढत बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “मास्तर, नारय समदास्ले दखाडी ऱ्हायनात का? तापीले द्या आनि घर जा.”

“अरे, पण पाऊस कुठे आहे?”

“आठे नही शे. वर पडनं, ते पानी आते उनं.”

“उतरेल कधी?”

“ते तापीले इचारा.”

पलीकडच्या थडीवर एक छकडा दिसत होता आणि त्याच्याजवळ एक लाल ठिपका. ती माझी बायको. हाक पोचणं शक्यच नव्हतं. मी नारळ उंच धरून दोन्ही हात हलवले. म्हणायचं होतं की मी आलोय, ओटीचा नारळही आणलाय, पण नदी अशी. ठिपका बराच वेळ तिथंच राहिला. मग छकडा वळला. सासरे समंजस आहेत, त्यांना कळलं, असं मला वाटलं.

परत येताना मी शहाणा झालो होतो. एवढी मोठी नदी. हिला पूर्णा मिळते, वाघूर मिळते, गिरणा मिळते. या सगळ्यांचं पाणी वाहून जायला महिना तरी लागेलच, असा नवा हिशेब मी वाटेतच करून टाकला.

आई दारातच बसली होती, मांडीवर कुंची. माझ्यामागे कुणी नाही हे बघून तिनं कुंचीची घडी घातली. दुसऱ्या दिवसापासून तिचं रोज सुरू झालं.

“तुनी तापी कवय उतरी रे? नातूनं डोकं वाढी ऱ्हायनं.”

मग एका दुपारी तिनं कुंची उसवली आणि मागच्या बाजूनं एक पट्टी जोडली. टाक्यागणिक तापीला बोल लावत होती. मेलीला नेमकं माझ्याच नातवाच्या वेळी भरून यायचं होतं, वगैरे. मी जवळ बसून सुईत दोरा ओवून देत होतो आणि तिला नदी समजावून सांगत होतो. ती ऐकत नव्हती, म्हणून मग स्वतःलाच समजावत होतो.

तेव्हा डोक्यात आलं ते पुढे आयुष्यभर तापी ओलांडताना पडताळून पाहत आलो. मृगात पाऊस पडतो, पण नदीला त्यातलं फारसं काही मिळत नाही. उन्हानं भेगाळलेली काळी जमीन ते पिऊन टाकते. जमिनीची तहान भागली की मग श्रावण-भाद्रपदात पडेल ते सगळं नदीकडे. आमची नदी आखूड आणि उताराची, म्हणून तिचं पाणी धावत येतं, धावत जातं. तापीला दूरदूरचं गोळा करून आणावं लागतं, म्हणून तिच्याकडे पाऊस उशिरा पोचतो.

दसऱ्याला नावेत बसलो तेव्हा पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, तरी पाणी वाहतच होतं. आता ते निवळशंख होतं, तळाची वाळू दिसत होती. हे कुणाचं? तर जमिनीनं पावसाळ्यात जे पिऊन ठेवलं, ते ती आता झिरपू देत होती. होळीपर्यंत ती असंच देत राहते. वैशाखात तिच्याकडचंही संपत येतं, नदीची धार बारीक होऊन डोह तेवढे उरतात, आणि लोक उतारावरून खुशाल बैलगाड्या घालतात.

तर, दसऱ्याला ती दोघं घरी आली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोराच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि उंबरठ्यावरच कुंची घातली. पट्टी जोडूनही ती जरा आखूडच झाली. पोरानं लगेच ओढून काढली. आईनं परत घातली. असं ते बराच वेळ चाललं आणि आई हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पोराला घेऊन ओट्यावर उन्हात बसली, तेव्हा मी चुलीपाशी बसून बायकोला, कुंची उसवताना आईनं तापीला लावलेल्या बोलांसकट, माझं नदीज्ञान ऐकवलं. तिनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही दोन्ही हात हलवून परत जा म्हणालात. पण माझे आबा म्हणाले, आलोच आहोत तर थांबू. काठावरच्या मावशीकडे राहिलो. तिसऱ्या दिवशी नाव सुरू झाली, पंधरवडा लागायच्या आत. मी उतारावर येऊन बसले होते. तुम्हीच आला नाहीत. आणि घ्यायला कुणी आल्याशिवाय पहिलं लेकरू घेऊन एकटी कशी येणार?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, ओट्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, “आत्याबाईंना सांगू नका. कुंची उसवताना त्यांचं तापीला जे बोलायचं ते बोलून झालंय. ते बोल तापीकडेच राहू द्या.”