सरांची पहिली ओळ

ग्रंथालयाच्या जिन्याखालील लांबट खोलीत गणिताचे एक अध्यापक तेवीस वर्षे बसत. प्रथम वर्षाला मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने चालवलेले ते साहाय्य केंद्र होते. दोन टेबले, एक फळा आणि खडूच्या धुळीने आंधळी झालेली खिडकी, एवढेच त्याचे वैभव. विद्यार्थी अडला की सर त्याची वही आपल्याकडे ओढीत, उदाहरणाची पहिली ओळ स्वहस्ते लिहीत आणि म्हणत, "चल, आता पुढचं तुझं." पुढचे खरोखरच जमे. मुले त्यांना पाठीमागे 'श्रीगणेशा सर' म्हणत. ते त्यांच्या कानावर होते आणि मनातून त्यांना आवडतही होते.

त्या वर्षी कपडे शिवणाऱ्या एका बाईंची मुलगी केंद्रात आली. विद्यापीठाची पायरी चढलेली त्या घरातली ती पहिलीच. गणितात ती एकदा नापास झाली होती. फेरपरीक्षेतही तेच झाले तर नियमानुसार प्रवेश रद्द करून घ्यावा लागणार होता. चार महिन्यांत तिने एकही दिवस चुकवला नाही. सर आरंभ करून देत आणि उरलेले उदाहरण ती आईच्या टाक्यांइतके नेटके पुरे करी.

"तू पास होणार. काळ्या दगडावरची रेघ."

"आई म्हणते, तुमच्या सरांना एक सदरा शिवून देईन."

"आधी निकाल लागू दे. नाहीतर सदरा टोचायचा मला."

केंद्राचा म्हातारा कारकून वह्या चाळून एकदा म्हणाला, "सर, ह्यांच्यात तुमचंच अक्षर फार. परीक्षेला काय खिशात बसून जाणार?"

"अहो, सुरुवातच तर अडते त्यांची."

"तेच म्हणतोय मी."

सर हसले. वात्सल्यालाही एक अधीरता असते. समोरचे मूल चाचपडताना तिला पाहवत नाही, आणि ती स्वतःलाच करुणा समजते.

मुलगी नापास झाली. तपासनीस सरांचे जुने सहकारी होते. त्यांनी उत्तरपत्रिका दाखवली. प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक रेखीव, खाली एक ओळ कोरी सोडलेली आणि त्याखाली काहीच नाही. शेवटच्या प्रश्नात पहिली पायरी छापूनच दिली होती. तेवढा एक तिने अखेरपर्यंत बिनचूक सोडवला होता.

आठ दिवसांनी ती प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन आली. त्यावर केंद्रप्रमुख म्हणून सरांची सही लागे. ती नेहमीच्या खुर्चीत बसली. नाव, वर्ग, दिनांक लिहून झाले. 'कारण' या शब्दापाशी लेखणी थांबली आणि सवयीने तिने कागद सरांकडे सरकवला.

सरांनी पेन उचलले. मग ते खाली ठेवून त्यांनी कागद परत तिच्यापुढे केला.

"तूच लिही."

"काय लिहू, सर?"

सरांनी पेनाला टोपण लावले. त्या खोलीत ते असे प्रथमच थांबले होते. कारकून कुलूप घेऊन दाराशी आला, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तसाच मागे फिरला. बऱ्याच वेळाने तिने मान खाली घालून लिहिले, 'मला सुरुवात करता येत नाही.'

तिने कागद पुढे केला. त्या ओळीखाली सही सरांना करायची होती.