केरबाचा चार्ज

केरबा आमच्या गावाचं पाणी सोडायचा. माण तालुक्यात पाणी सोडणारा माणूस सरपंचापेक्षा मोठा. सरपंचाला आम्ही तोंडावर शिव्या देतो; केरबाला कधी कुणी दिली नाही. टाकीखालच्या चेंबरमध्ये उतरायचं, लांब लोखंडी चावीनं पाइपावर तीन टोले हाणायचे आणि मग व्हॉल्व्ह फिरवायचा, ही त्याची रीत. टोले घराघरातल्या नळात ऐकू आले, की बायका हंडे घेऊन उभ्या.

गेल्या उन्हाळ्यात केरबा त्याच चेंबरमध्ये गेला. हृदय बंद पडलं. चावीवरची मूठ सोडवायला दोघे लागले.

तेरावं झालं आणि जागा भरायची निघाली. त्याची बायको विजयमाला हिनं अर्ज केला. बारावी शिकलेली, पदरात मूल नाही. जागा मिळाली नाही तर दीर तिला मुंबईला न्यायला टपलेलाच होता, घरची धुणीभांडी करायला. पण सरपंच आप्पासो म्हणाले, "बाईमानूस खड्ड्यात उतरनार व्हय?" आणि त्यांनी स्वतःचा भाचा जयराज चिकटवला. चहा निवायच्या आत ठराव झाला. अशा कामात आमची पंचायत भलती चपळ.

पहिल्याच सकाळी जयराज पांढराफटक होऊन वर आला. "हलतच न्हाई. खालनं कुनीतरी धरून ठिवलंय." आम्ही हसलो. त्याच दिवशी भरदुपारी, चेंबरला कुलूप असताना, माझ्या घरच्या नळात टोले वाजले. बायको हंडा घेऊन धावली आणि कोरड्या तोटीकडे बघत राहिली. तिच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, खोटं कशाला सांगू!

जयराज पळाला. मग फौजेतून निवृत्त झालेल्या तानाजीला घेतलं. गडी भिणाऱ्यातला नव्हता. त्यानं फिटर आणून व्हॉल्व्हच बदलला. नवा व्हॉल्व्हही जागचा हलेना, आणि दुपारचे टोले काही थांबेनात. शेवटी त्यानं चावी पंचायतीच्या टेबलावर ठेवली.

"आप्पा, आमच्या फौजेत आदीचा मानूस चार्ज देतो, मग नवा कामाला लागतो. हितं मला चार्ज कुनी दिला?"

केरबाला आम्ही जाळून आलो होतो, पण कामातून मोकळं कुणी केलंच नव्हतं.

गाव टँकरवर आलं, तेव्हा आप्पासो स्वतः विजयमालाच्या दारात गेले. मीही बरोबर होतो. "जागा तुझी. चार्ज तेवडा घे, पोरी." मला वाटलं, ती हरखेल. ती अंगणातल्या नळावर हात ठेवून बसून राहिली.

"दुपारी टोलं वाजलं की मी हितं कान लावून बसती," ती म्हणाली. "तेवडंच ऱ्हायलंय माझ्याकडं. चार्ज घेतला की ते जानार."

आप्पासो टोपी काढून तिच्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव टाकीखाली जमलं. विजयमाला पदर खोचून आत उतरली. तिनं चावी उचललीही नव्हती, तोच पाइपातून टोले आले. एक, दोन, तीन. वरची माणसं मागे सरकली. तिचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

"आवं, द्या आता. लय दमला असाल. मी हाय न्हवं!"

बराच वेळ काही झालं नाही. मग व्हॉल्व्ह लोण्यासारखा फिरला आणि गल्लीगल्लीत पाणी धावलं. ती वर आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फासारखे गार होते. बायका हंडे भरायला पळाल्या. तिच्यापाशी कुणी थांबलं नाही.

आता गावाचं पाणी तीच सोडते. दुपारी नळ वाजत नाहीत. सकाळी रीतीप्रमाणे ती तीन टोले हाणते, पण लगेच व्हॉल्व्ह फिरवत नाही. पाइपाला कान लावून बसते. पाणी जरा उशिरा येतं. आम्ही हंडे घेऊन उभे असतो, आणि कुणी काही बोलत नाही.