उजवीकडे न वळणारी घोडी

घोडी घरी आली तेव्हा पहिला संशय मलाच आला, हे आधीच सांगून ठेवते. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर, त्यामागे सगळी लग्नसराई, आणि वरातीला घोडी देणारा माणूस नेमका तेव्हाच घोडी काढायला निघाला. आमच्या ब्रह्मपुरीकडे चालतं जनावर असं कोणी सोडत नाही.

"बाई, आता नवरदेव गाडीत उभा राहून येते. घोडी कोनाले पायजे?" तो म्हणाला. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, यात काहीतरी आहे.

सौदा असा ठरला की आमचे दोन गोऱ्हे त्याला आणि घोडी आम्हाला. पंधरा दिवसांत पटलं नाही तर ज्याचं त्याला परत. गोऱ्हे तसेही बसून खात होते, चिखलणी आता ट्रॅक्टर करतो. घोडी हवी होती ती आमच्या ह्यांना. उजव्या मांडीत सळी टाकल्यापासून मोटरसायकल बंद झाली, काठी टेकत शेताच्या अरुंद धुऱ्यावरून चालवत नाही, आणि वावर तर नाल्याच्या पलीकडे. वर्ष झालं, या माणसानं स्वतःचं धान डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी येऊन सांगायची, लोंबी भरली, डुक्कर शिरलं होतं, तेवढंच. ते ऐकून घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. लहानपणी मामाच्या घोड्यावर बसले होते, म्हणून त्यांचा जीव या घोडीवर अडकलेला.

ओट्यावरून त्यांना खोगिरात बसवलं. गल्लीच्या तोंडाशी हापसी आहे. तिथून उजवीकडे वावराची वाट, डावीकडे डांबरी रस्ता. घोडी डावीकडे वळली. ह्यांनी बैलाचा कासरा ओढावा तसा उजवा लगाम ओढला. मान उजवीकडे आली, पाय मात्र डावीकडेच चालत राहिले. तशीच तिरपी तिरपी ती पानठेल्यापर्यंत गेली.

"भाऊ, नवरी कुठची आहे?" ठेल्यावरच्यांनी विचारलं.

"तुह्या मामाची," हे म्हणाले. पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

चार दिवस हेच. मी ठरवलं, घोडीचा उजवा डोळा गेलेला आहे आणि त्या माणसानं वरातीच्या झालरीखाली लपवून आपल्याला फसवलं. तिच्या उजव्या बाजूनं हळूच जाऊन सूप हलवलं. ती अशी दचकली की सूप माझ्या हातून पडलं. डोळा चांगला होता. मग मला वाटलं, कानात काही आहे. तेही नव्हतं.

आणि तो माणूस रोज यायचा. "जवळूनच चाललो होतो," म्हणायचा. त्याचं गाव पार दुसऱ्या अंगाला, तो आमच्या जवळून कशाला चालेल? येऊन घोडीचा लगाम तोंडाशी धरायचा आणि ती कशीही वळायची. उजवीकडे, डावीकडे, जागच्या जागी गोल.

"माह्या हाती तं वळते, बाई."

खिशात नाहीतर गळ्यातल्या दुपट्ट्यात गूळ असणार, मी म्हटलं. त्यानं चहा पिताना दुपट्टा काढून ठेवला, तो मी हुंगून पाहिला. नुसता बिडीचा वास. हे माझ्याकडे पाहत होते. "अवं, का करून राह्यली?" मी दुपट्टा घडी करून ठेवला, जसं काही तेच करत होते.

सातव्या दिवशी मात्र मी त्याचे हात पाहायचं सोडून पाय पाहिले. तो घोडीच्या उजव्या बाजूला जातच नव्हता. पाणी दाखवताना, माशा हाकलताना, कायम डाव्या गालाशी.

"भाऊ, तुम्ही कधी हिच्यावर बसले का?"

"मी काऊन बसन? वर नवरदेव, त्याच्या हाती कट्यार. लगाम माह्या हाती."

म्हणजे पाठीवरच्या माणसानं या घोडीला जन्मात काही सांगितलंच नव्हतं. पाठीवर असायचं ते नुसतं ओझं. वळायचं ते डाव्या गालाशी चालणाऱ्या माणसाबरोबर. आता तिथं कोणी नव्हतं, तर ती त्याला शोधत डावीकडे जायची.

घरामागच्या शेजाऱ्याचं हलकं, लवकर येणारं धान कापून झालं होतं. त्या कोरड्या बांधीत आम्ही तिला नेलं. मी कोंड्याचं घमेलं घेऊन उजव्या बाजूला. हे उजवीकडे पाहणार, डावी टाच लावणार, मग लगाम जरासा. ती माझ्याकडे वळायची, पण हे लगाम सोडायचेच नाहीत.

"अजी, बैल नाई ती. सोडा आता."

"सोडलं तं पळून जाईन ना."

"वळली ना? मंग सोडा. वासराचं दावं ताणलं तं वासरू बी ताणते."

दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोडला, आणि घोडीनं मान खाली करून फुर्र केलं. मग मी रोज थोडी मागे सरत गेले, आधी खांद्याशी, मग खोगिराशी.

"तू तिले कोंडा दाखवून राह्यली," हे एकदा म्हणाले. संशय माझ्याकडूनच लागला असेल. मी घमेलं घरी ठेवलं आणि धुऱ्यावर जाऊन बसले. तरी ती वळली.

पंधराव्या दिवशी सकाळी तो माणूस आला तो दोन्ही गोऱ्हे घेऊनच. धुतलेले, शिंगांना तेल लावलेलं. परत आणा असं कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, तो रोज काय पाहायला यायचा ते. त्याला घोडी परत हवी होती.

हे घोडीवर बसून आधीच हापसीशी पोचले होते. तो नेमका डाव्या बाजूला, डांबरी रस्त्याच्या कडेला उभा. घोडी थांबली. तिचा डावा कान त्याच्याकडे. ह्यांनी उजवीकडे पाहिलं, टाच लावली. ती हलली नाही. पुन्हा लावली. त्यांची बोटं लगामावर पांढरी पडली होती, पण ओढला नाही.

मग मी पाहिलं, त्या माणसाचा पाय मागे गेला. एक पाऊल, मग आणखी एक, कोपऱ्यावरच्या भिंतीआड. घोडी क्षणभर तशीच उभी राहिली आणि उजवीकडे वळली. ह्यांनी लगाम सोडला.

आमचं भारी, उशिरा येणारं धान अजून उभं होतं. हे दुपारी परत आले ते सदऱ्याच्या खिशात लोंब्या घेऊन, आणि मला माझ्याच वावराच्या खबरा सांगत बसले. तो माणूस गोऱ्हे घेऊन केव्हाच गेला होता. "वळते आता," एवढंच म्हणाला. मुद्दाम मागे सरला, की ऊन लागत होतं म्हणून, मी विचारलं नाही.

अजून येतो तो, जवळूनच चाललेला. मी चहा ठेवते. पण चहा ठेवण्याआधी घोडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहते. माणसाचा काय भरवसा.