उंबराच्या आत

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि माझ्या मायला बारीकसारीक सगळं दिसायला लागलं. नांदेडला माझ्या घरी तिनं आधी फरशीच्या फटीतली धूळ काढली, मग माझ्या भुवईतले पांढरे केस. दुसऱ्या आठवड्यात कंधारकडच्या आमच्या गावी जायचा तिनं हट्टच धरला, म्हणून शनिवारी तिला घेऊन गेलो.

घरामागं ओढ्याकाठी उंबराचं झाड आहे. सकाळी मी चहा पीत होतो, तेवढ्यात माय तिकडून ओरडली, "आरं, इकडं ये रं! ह्याच्यात काय हाय बघ."

एक लाल व्हायला आलेलं उंबर फोडून तिनं तळहातावर धरलं होतं. आत राईच्या दाण्याहून लहान काळे किडे वळवळत होते.

"उंबरात किडे असतातच की," मी म्हणालो.

"असत्यात, ठाव हाय. लहानपणी फुकून फुकून लई खाल्लेत. पर हे आत गेले कुठून? वरून भोक तर न्हाई."

मी दुसरं उंबर फिरवून फिरवून पाहिलं. देठाच्या उलट्या बाजूला खळगा होता, तोही घट्ट मिटलेला. मग मलाही राहवेना.

सोमवारी डोळे दाखवायला परत नांदेडला यायचंच होतं. मायनं पिशवीत उंबरं घातली आणि दवाखाना झाल्यावर, मी काम करतो त्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती पिशवी घेऊन आली. दुपारची गर्दी ओसरली होती. लॅबच्या डॉक्टर मॅडम हसून म्हणाल्या, "बघा खुशाल. फक्त पेशंटच्या नमुन्यांत उंबर मिसळू नका."

एक किडा काचेवर ठेवून ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, मायला स्टुलावर बसवलं. बराच वेळ तिला नुसता अंधारच दिसत होता. मग एकदम ती म्हणाली, "आगं बया! ह्याला तर पंख हायत. अन् अंगाला पिवळं काय लागलंय?"

"परागकण असतील. फुलातली पूड."

"फुलातली? मग फूल कुठं हाय?"

मी एका उंबराची पातळ चकती कापली आणि सगळ्यात कमी शक्तीच्या भिंगाखाली ठेवून वरून मोबाईलचा उजेड पाडला. फळाच्या आतल्या भिंतीला दाटीनं काहीतरी लागलं होतं. चिमुकली फुलंच ती, शेकड्यानं, सगळी आतल्या बाजूला तोंड करून. मॅडम आपलं काम सोडून आल्या. "उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात," त्या पुटपुटल्या आणि भिंगापासून हलेचनात. शेवटी मायनं त्यांना हळूच कोपरानं सरकवलं.

रात्री जेवताना मोबाईलवर वाचलेलं मी तिला सांगितलं. ते किडे म्हणजे एक चिमुकली माशी; अंगावर पराग घेऊन तिची मादी त्या खळग्यातून आत शिरते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथंच तुटतात. आत ती फुलांना पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पिल्लांतले नर बिनपंखांचे असतात. ते भिंत पोखरून वाट करतात आणि त्या वाटेनं माद्या नवा पराग घेऊन उडून जातात. माशीशिवाय उंबराला बी धरत नाही, अन् उंबराशिवाय माशीला घर नाही.

माय घास हातात धरून ऐकत होती. "अन् ते नर?"

"ते बहुतेक आतच मरतात."

"भोक पाडायचं अन् सोता जायचं न्हाई," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पिंपळाला बी हीच माशी का?"

"नाही. त्याची वेगळी."

"तुला कसं ठाव? बघितलीस?"

मी पाहिली नव्हती. बुधवारी मी कामावरून आलो, तर ती आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या पिंपळाखाली चटई टाकून बसली होती. "फांदीला हात लावू नगं, खाली पडलेलंच घे," तिनं मला बजावलं. मी शेजारी बसून पिंपळाची फळं नखानं सोलायला लागलो. बरीच रिकामी निघाली, प्रत्येकाला एक बारीक भोक. मग एकातून एक माशी निघाली, उंबरातल्या माशीच्या निम्म्यानंही नसेल. मायच्या अंगठ्यावर तिनं पंख झटकले आणि ती उडाली. दोघंही वर पानांकडे बघत बसलो, पण आम्हाला काही ती पुन्हा दिसली नाही.