बरणीतली काई

आमची लेक दिल्लीत वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी मधूनच हिंदीत घसरतं. एकदा ऑफिसात तिचा फोन आला, "आई, बरणीत काई आलीये." मी ऐकलं 'काही'. मला वाटलं, पाल पडली की काय. तिला म्हणायचं होतं शेवाळ.

बरण्या तिच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगाच्या. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीमागचं तळं 'साफ' व्हायचं होतं, म्हणजे त्यातली सगळी रोपं उपटली जाणार होती. लेकीला ती वाचवायची होती. तळ्यातला काळा गाळ आणि पाणी तिने दोन काचेच्या बरण्यांत भरलं आणि एकीत तिथलंच एक रोप लावलं. माझ्या लोणच्याच्या बरण्या गेल्या, म्हणून मी रोज धुसफुसत होते.

घरी येऊन बघते तर नुसत्या गाळाची बरणी पालकाच्या सूपासारखी हिरवीगार आणि रोपाची अगदी नितळ. लेक समजावू लागली. गाळात वर्षानुवर्षांचं खत साठलेलं असतं. शेवाळ मरून तळाशी कुजलं की तिथला प्राणवायू संपतो, गाळ ते खत पाण्यात सोडतो आणि त्यावर नवं शेवाळ माजतं. रोप मात्र मुळांवाटे प्राणवायू खाली पोचवतं. तिने काचेवर बोट ठेवलं. काळ्याकुट्ट चिखलात पांढऱ्या मुळांभोवती तांबूस कड उमटली होती. गाळातलं लोह तिथे गंजलं होतं, आणि तो गंजच खत धरून ठेवतो म्हणे.

एवढंसं रोप चिखलाला श्वास पुरवत होतं, आणि तेही माझ्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या टॉवेलांखाली. कुकर लावायचं विसरून मी तिथेच बसून राहिले.

रविवारच्या सोसायटीच्या मीटिंगला आम्ही दोघी ती रोपाची बरणी घेऊन गेलो. सेक्रेटरी हसले. "मॅडम, इस कीचड़ में रखा क्या है?" मी बरणी त्यांच्या पुढ्यात सरकवली. लेकीने तांबूस कड दाखवून रोप काय करतं ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि वाकून मुळं निरखली. मग म्हणाले, कचरा तेवढा काढू, रोपं राहू देत.

जिना चढताना लेक म्हणाली, "आई, शेवाळ गेलं तर जाऊ दे. पण तळ्यात काही राहायला हवं ना."

या खेपेला मी बरोबर ऐकलं.