फिक्रीने निवडलेलं कार्ड

आमच्या दुम्यातमध्ये, या सुतारांच्या गावात, पोर रांगतं तेही लाकडाच्या भुशात. फिक्रीही तसाच रांगला, पण छिन्नी काही त्याच्या हातात बसली नाही. थोरला भाऊ बदीर, ज्याला सगळे उस्ता म्हणजे उस्ताद म्हणत, पलंगाच्या डोक्याशी द्राक्षांचे घोस असे कोरायचा, की उचलून तोंडात टाकावेत. फिक्रीने कोरले की व्हायचे वाटाणे! शेवटी त्याने कॉम्प्युटर धरला. पलंग बनायच्या आधीच त्याचं हुबेहूब चित्र काढून गिऱ्हाइकाला दाखवायचं, ते रेंडरिंगचं काम. फिक्रीची चाळिशी आली तेव्हा कुठे भाऊ चारचौघांत म्हणाला, "आमच्या फिक्रीला यातलं सगळं कळतं."

त्याच कॉम्प्युटरवर हा पठ्ठ्या रोज दुपारी जेवून, दार लावून बंदुकांचा गेम खेळायचा. ते भावाला ठाऊक नव्हतं.

कॉम्प्युटरमधलं, पडद्यावर चित्र उमटवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड थकलं, तेव्हा तो सफवतच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. सफवतने दोन खोकी पुढ्यात ठेवली.

"हे घे. वेग थोडा कमी, पण मेमरी दुप्पट. तुमचं कोरीव काम जड असतं बाबा. कार्डात मावलं नाही तर चित्र मध्येच बंद पडेल."

"आणि गेमला?"

"गेमला ते दुसरं. नुसतं पळतं. पण तुला कामाला हवंय ना?"

"दोन्हीला."

"मग आधी पोटाचं बघ. गेम यावरही चालतील की!"

पण फिक्रीचा जीव त्या पळणाऱ्यातच अडकला होता. "घेईन मी चालवून," म्हणत त्याने तेच उचललं. चालवून घेणार म्हणे! सफवतने तीनदा सांगितलं, मी तिथेच उभा होतो.

पुढच्याच आठवड्यात मन्सुऱ्याहून एक नवरी, तिची आई आणि मामा लग्नाच्या खोलीचं सामान बघायला आले. बदीरने चहा मागवला, जिलबीसारख्या मशब्बिकचं ताट पुढे केलं. फिक्रीने बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'मेमरी अपुरी.' पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. घामाघूम होऊन त्याने कोरीव काम छाटून छाटून हलकं केलं, तेव्हा चित्र आलं खरं, पण द्राक्षं कागद चिकटवल्यासारखी सपाट.

"असलंच घ्यायचं तर मशीनवर कोरलेलं काय वाईट?" नवरीची आई म्हणाली, आणि चहा अर्धवट टाकून मंडळी उठली.

भाऊ चिडला नाही. चिडला असता तर कदाचित खरं बाहेर पडलं असतं. त्याने काळजीने विचारलं, "काय झालं रे?"

"सफवतने हेच गळ्यात मारलं, दादा."

कसं बोलून गेला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. शब्द परत घ्यायच्या आत बदीरने त्याचं मनगट धरलं आणि तडक दुकान गाठलं. गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान.

"माझा भाऊ साधा, म्हणून फसवतोस? लाज नाही वाटत?"

सफवतने एकदाच फिक्रीकडे पाहिलं. फिक्री स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

"चुकलं, उस्ता," सफवत म्हणाला. "मीच चुकीचं दिलं." आणि त्याने कार्ड बदलून दिलं.

नव्या कार्डावर द्राक्षं टपोरी उतरली. बदीरने बोलावल्यावर मन्सुऱ्याची मंडळी परत आली, काम मिळालं, भावाने पाठ थोपटली. तो हात फिक्रीला भाजला. बदीर मात्र गल्लीतल्या प्रत्येक कारखान्यात सांगत सुटला, "त्या चोराच्या पायरीला पाय लावू नका." आमच्या गल्लीत उस्ता बदीरचा शब्द कोण मोडणार!

आठवडाभर फिक्रीने गेमला हात लावला नाही. गुरुवारी तो सफवतकडे गेला. शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे एरवी गुरुवारी तिथे उभं राहायला जागा नसते. आज सफवत एकटाच बसून रिकाम्या काउंटरवर फडकं फिरवत होता.

"सफवत, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मला ठाऊक आहे की. दादाला सांगितलंस?"

फिक्रीने मान खाली घातली. "नाही."

"मग मला कशाला सांगतोस?" सफवत म्हणाला, आणि फडकं फिरवत राहिला.