सगुणाच्या हातची बाटली

गोव्यातल्या पार्से गावात कुणाच्याही भाटीवर फेणी उतरली की पहिली बाटली सगुणाकडे यायची. सगुण ती उंचावरून पेल्यात ओतायचा, काठाला जमलेले फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते डोळे बारीक करून बघायचा आणि फेणी किती कडक त्याचा निकाल द्यायचा. चाखायचासुद्धा नाही! तीस वर्षं त्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

आणि मग धाकटा भाऊ अनंत सुटीवर आला. गोवा राज्य झाल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बंगळूरला संशोधन करत होता म्हणे. कसलं? तर दारूचे आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून घोळके कसे करतात, ते कॉम्प्युटरवर गणित मांडून बघायचं. किती कडक फेणीचे मणी जास्त टिकतात ते पेल्यात न ओतता सांगता येतं, असं तो ओट्यावर बसून बोलला मात्र, सगळी वाडी त्याच्याभोवती! सगुणाला विचारल्याशिवाय बाटलीला बूच न लावणारा बाबुरावसुद्धा अनंतालाच विचारू लागला.

सगुण भडकला. मेल्याने कधी भाटीपुढे धूर खाल्ला नाही, काजूचे बोंडू तुडवले नाहीत, आणि हा सांगणार मणी! बायको यशोदा म्हणाली, "तुझो भाव ना रे तो." तर तो तिच्यावरच खेकसला.

जाताना अनंत म्हणाला, "दादा, तुझ्या हातची एक बाटली दी माका. गणित खरां काय खोटां, तिच्यावर पडताळून बघतंय."

सगुणाने बाटली दिली. पण त्याआधी चमचाभर रिठ्याचं पाणी आत सोडलं. पाणचट दारू खपवायला लबाड लोक घालतात तेच. मणी फुटता फुटत नाहीत. असली बाटली आणणाऱ्या दोघांना त्याने स्वतः शिव्या घालून हाकललं होतं. बघू दे आता त्याचं कॉम्प्युटर!

चवथीला अनंत घरी आला तो तोंड उतरवूनच. सगुण गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या लाकडी चौकटीला नारळ बांधत होता. त्याने सहज विचारल्यासारखं केलं. "जुळलां काय गणित?"

"नाय. मणी गणितापेक्षा दुप्पट टिकले. सर म्हणाले, बाटलीतच खोट, फेकून दी ती. मी ऐकलंय नाय. म्हटलंय, कॉम्प्युटर चुकात, माझ्या दादाचो हात चुकाचो नाय. चवथ झाली की वर्षाचां काम मोडून परत पहिल्यापासून करतलंय."

हेच ऐकायला सगुण इतके महिने जळत होता. ऐकलं पोटभर. आणि हातातला नारळ काही बांधवेना.

"मोडू नको," तो कसाबसा म्हणाला. "बाटलीत रिठे घातलेले मी."



"भांडलंय रे मी सरांशी तुझ्यासाठी," एवढंच अनंत म्हणाला.